काडीभर फरक

मागच्या चाकाला वळसा घालून दोरीची दोन्ही टोकं त्याने पुढे आणली, पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी ताणून खिळ्यांना बांधली आणि गुडघे टेकून पाहिलं, तर उजवीकडे चाक आणि दोरी यांच्यामधे बोट सहज जात होतं आणि डावीकडे आगकाडीसुद्धा अडकत होती. तो हसला. दोरी नीट बांधली नसेल म्हणून सोडून पुन्हा बांधली. हँडल धरून चाक अगदी समोर केलं, पायाने दाबून धरलं, पुन्हा वाकला. इकडे बोट, तिकडे काडी. मग त्याला वाटलं, चाकच नाठाळ असेल, शेवटी भंगारातून आणलेलं, आधी कोणी कसं दामटलं असेल कोण जाणे. म्हणून चाक काढून हवेत फिरवून पाहिलं. चाक बिचारं शहाण्या मुलासारखं फिरलं, कुठे डुगडुगलं नाही. त्याने गाडीखालच्या बुटक्या लोखंडी टेबलावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. काटकोनाला गुण्या लावला, ओळंबा सोडला, गाडीच्या पाठीचा नळा मोजला, इंजिनाखालून जाणारे दोन नळे मोजले, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याची तिरकी मापं घेतली आणि मग उलटी तिरकी घेतली. सगळं बरोबर. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं तर प्रत्येक माप सरळ उत्तर देत होतं आणि सगळी मिळून मात्र गाडी डावीकडे कलून उभी होती. दुकानात ग्राइंडरचा वास अजून रेंगाळत होता, कानात त्याची शीळ बसली होती. भर दुपारी, गिऱ्हाईक कोणत्याही क्षणी दारात उभं राहील अशा वेळी, तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि त्या दोन दोऱ्यांकडे बघत राहिला. त्याला एकदम भीती वाटली. गाडीची नाही. आपण काहीतरी करून बसलोय आणि ते काय हे आपल्यालाच माहीत नाही, याची.

मोटारसायकल दादाची होती. म्हणजे व्हायची होती. अपघातानंतर दादाच्या जुन्या गाडीतून शाबूत असं फारसं काही निघालंच नव्हतं. निघाली ती मान, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यात फिरतो ती आखूड जाड नळी, आणि तिला चिकटलेला पाठीच्या नळ्याचा वीतभर तुकडा. बाकी सगळी वरात गोळा केलेली. इंजिन एका दूधवाल्याने टाकून दिलेल्या गाडीचं, पुढचं चाक धरणारा फोर्क भंगाराच्या ढिगातून उपसलेला, मागचा चिमटा वेगळ्याच जातीचा आणि टाकी अशा एका गाडीची, की जिची कंपनी कधीच बुडाली. त्या सगळ्यांना एकत्र नांदवायचं तर फ्रेम नव्यानेच बांधायला हवी होती, आणि ती धाकटा बांधत होता. पन्नाशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. दोघा भावांचं दुकान खाली आणि घरं वर, दादाचं गॅलरीच्या बाजूला, धाकट्याचं मागे. पोट चालायचं लोकांच्या फाटकांवर, खिडक्यांच्या जाळ्यांवर, टाक्यांच्या स्टँडांवर. जीव मात्र गाड्यांवर. म्हणजे जीव दादाचा. धाकट्याचा जीव दादाच्या जिवाला धरून असायचा, आणि हे त्याला कधी वेगळं काढून बघावंसं वाटलं नव्हतं.

आता दादा वर होता. पायात सळई, डोक्यावर जखमेची खूण, हातात काठी, आणि दवाखान्यातून आल्यापासून तो जिना उतरला नव्हता. पण खाली काय चाललंय ते त्याला आवाजावरून कळायचं. नळी कापली की एकदा काठी आपटायची. वेल्डिंगचा आवाज मधेच तुटला की दोनदा, म्हणजे हात थरथरला वाटतं. धाकटा खाली एकटाच हसायचा आणि हात पुसून पुन्हा कामाला लागायचा. दादाने वेल्डिंग त्याला शिकवलं तेच मुळी आवाजावरून. तेव्हा मुखवटा एकच होता आणि तो दादाच्या तोंडावर. धाकट्याने नळी धरायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायचं. भिंतीवर दादाची भलीमोठी सावली नाचायची आणि मागून तळणाचा असतो तसा एकसारखा आवाज यायचा. तो एकसारखा असला म्हणजे सांधा पक्का. फुटला, अडखळला, म्हणजे भोक. कित्येक वर्षं धाकट्याने सांधा होताना पाहिलाच नव्हता. फक्त ऐकला होता. नंतर दुसरा मुखवटा आला तरी तो तोंड फिरवायचाच आणि दादा ओरडायचा, "अरे, लग्नाला आल्यासारखा तिकडे काय बघतोस, इकडे बघ." सरळ बघायचं कसं तेही दादानेच शिकवलं. नळीला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा, आणि लांबच्या टोकाकडे बघत बसायचं नाही, एकदाच बघायचं. दादा तर गाल टेकवायच्याही भानगडीत पडायचा नाही. रस्त्यापलीकडून कोणी नळी खांद्यावर टाकून चाललेला दिसला की हा इकडून सांगायचा, "वाकडी आहे हो, परत करा." आणि ती असायची. लोक येऊन मुद्दाम परीक्षा घ्यायचे. दोरी, गुण्या, पाणसळ ही धाकट्याची हत्यारं; दादाला ती लागत नसत. दादा सरळ म्हणाला की सरळ.

आणि फ्रेम बांधायची तर मानेपासून, हाही दादाचाच नेम. मान आधी टेबलावर आवळायची, तिचा नळा समतल करायचा आणि मग जगातलं बाकी सगळं तिथून मोजायचं. धाकट्याने तसंच केलं होतं. वीतभर नळा पाणसळीवर बसवला, आवळला, आणि तिथून एकेक नळी जुळवत मागच्या चाकापर्यंत आला. आधी तात्पुरते टाके घातले, मग एक सांधा इकडचा, एक तिकडचा असं आलटूनपालटून, म्हणजे तापून नळी एका बाजूला ओढली जाऊ नये. कुठेही घाई केली नव्हती. उलट इतका वेळ लावला होता, की शेजारचा लेथवाला दारात येऊन विचारून गेला होता, "काय रे, गाडी करतोयस की गाडीचं श्राद्ध?"

तोच लेथवाला आता बोलवावा लागला. दिवसभर लोखंड तासून तासून त्याचा स्वभावही तसाच झाला होता, बोलला की बारीक किसच निघायचा. त्याने दोरीकडे पाहिलं, काडी घातली, बोट घातलं, आणि परत जाऊन घासून चकचकीत केलेली लांब सळई घेऊन आला. फोर्क उतरवल्यावर मानेच्या नळीत ती बेतशीर बसली. खाली लोंबणाऱ्या टोकाशेजारी त्याने ओळंबा धरला. समोरून पाहिलं तर वर दोरा आणि सळई एकमेकांना चिकटलेले, खाली येता येता दोघांमधे फट पडत गेली. "ही बघ," लेथवाला म्हणाला, "तुझी फ्रेम सरळच आहे. मानच नळ्यावर फिरलीय. ठोकर बसली तेव्हाच फिरली असणार. तू वाकड्याला धरून सरळ बांधत गेलास." धाकटा म्हणाला, "पण ती दादाच्या गाडीची आहे." लेथवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. "मग? दादाच्या गाडीची आहे म्हणून ठोकर बसत नाही का?" "तापवून ओढली तर?" "ओढ की. सांध्यात तडा असला तर चालत्या गाडीत सुटेल. आणि आहे तशी ठेवलीस तर गाडी चालेल, झकास चालेल. फक्त डावीकडे ओढत राहील. तू-मी सांभाळून घेऊ. दादाचा तो पाय असा. पहिल्याच वळणाला काय होईल ते तू सांग." सळई काखेत मारून तो निघाला आणि दारातून म्हणाला, "तपासली कशी नाहीस रे तू? फाटकाची बिजागरी चारदा तपासतोस."

तपासली कशी नाहीस. तो पुन्हा जमिनीवर बसला. उत्तर सोपं होतं, दादाची म्हणून तपासली नाही. आरशासमोर उभं राहिल्यावर आरसा तपासतो का माणूस? एवढ्यावर हे मिटायला हवं होतं. पण अंगठ्याने घात केला. त्याच्या उजव्या अंगठ्याला काहीतरी आठवत होतं. अपघाताच्या गाडीतून मान कापून घेतली तेव्हा तिच्यावरची माती पुसताना, नळा आणि मान मिळतात तिथे, अंगठ्याखाली रंगाला सुरकुत्या लागल्या होत्या, निवत आलेल्या दुधावरच्या सायीला पडतात तशा बारीक. लोखंड पिरगळल्याशिवाय रंगाला सुरकुती पडत नाही, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. आणि मग त्याने काय केलं? ग्राइंडर लावून तो रंग खरवडून टाकला. वेल्डिंगच्या आधी रंग खरवडतातच. कोणीही खरवडला असता. पण आपण तो कधी खरवडला, सुरकुती लागली त्याच क्षणी की नंतर? सुरकुती लागली तेव्हा आपण काय म्हणालो मनात? काही म्हणालोच नाही का? त्याने डोळे मिटून तो क्षण पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला. माती, ओलं फडकं, अंगठा, ठिणग्या. अंगठा आणि ठिणग्या यांच्यामधे काहीतरी असायला हवं होतं आणि तिथे काहीच नव्हतं, नुसता ग्राइंडरचा आवाज. आणि त्याच सुमाराला, आदल्या दिवशी की त्याच दिवशी सकाळी, वहिनी त्याच्याशी बोलल्या होत्या.

त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. तो पाण्याची टाकी बघायला गेला होता. ओली चादर झटकून दोरीवर टाकत, चादरीच्या पलीकडूनच त्या म्हणाल्या, "भावजी, एक सांगू? ती गाडी नाही झाली तरी चालेल." "म्हणजे?" "म्हणजे होऊच देऊ नका." चादर सारखी करत त्यांचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "तुम्हाला काय जातं, काही ना काही कारण निघतंच तुमच्या कामात. हे मिळालं नाही, ते बसलं नाही. वर्षभर सांगत राहा. तोवर त्यांचं त्यांनाच कळेल. मी त्यांना एकदा आणलंय दवाखान्यातून. पुन्हा आणायचं बळ नाही माझ्यात." तो म्हणाला, "बरं." आणि जिना उतरताना गॅलरीतून दादाची हाक आली, "अरे, झाली का सुरुवात? एकदाच बसणार मी. त्या वळणापर्यंत जाऊन परत. एकदा गेलो की मग माझं काही म्हणणं नाही. नाहीतर मी इथे बसून बसून लाकूड होईन." दादाचा आवाज असा काकुळतीला आलेला त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. त्यालाही तो म्हणाला, "बरं." हा शब्द त्याच्या तोंडात जन्मापासून बसवलेलाच होता. दादा म्हणाला शाळा सोड, बरं. दादा म्हणाला मुलगी चांगली आहे, बरं, आणि ती खरंच चांगली निघाली, हा त्याच्या नशिबाचा भाग. आता पहिल्यांदाच दोन 'बरं' एकमेकांना आडवे आले होते आणि तो दोघांच्या मधे मान घालून फ्रेम बांधत बसला होता.

मग त्याच्या हाताने परस्पर निकाल लावला का? ही शंका आली आणि त्याने हात पुसले, उगाचच. दादाला गाडी बांधून द्यायची, पण अशी, की ती चालूच नये? की चालावी आणि? यापुढचं वाक्य त्याने मनातही पुरं होऊ दिलं नाही. छे, असलं काही त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. दादासाठी त्याने जीव ओवाळून टाकला असता. पण दुसरीकडून एक हलकटासारखा विचार हळूच सांगत होता की बघ, किती सोयीचं झालं. आता खुशाल वर जाऊन सांग, दादा, तुझी मानच गेलीय, गाडी होत नाही. एक अक्षर खोटं नाही त्यात. वहिनी सुटल्या, तू सुटलास. खरं बोलूनही आपण खोटे ठरू शकतो हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं, की तू हे चुकून केलंस, किंवा मुद्दाम केलंस. काहीही सांगा, पण सांगा. आणि असं सांगणारा माणूस त्याच्या आयुष्यात एकच होता आणि तो वर काठी आपटत होता. तीनदा. म्हणजे, खाली सामसूम का?

जेवताना बायकोने विचारलं, "काय झालंय?" त्याने सगळं सांगितलं, फक्त सुरकुत्यांचं सोडून. ती ऐकत गेली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही जाऊबाईंनाही हो म्हणालात आणि दादांनाही हो म्हणालात. आता गाडीला दोन तोंडं बसवा, एक इकडे जाईल, एक तिकडे." त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात घास अडकला. तिने पाणी पुढे केलं. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते बसावेत की नाही?" तो विचारात पडला. प्रामाणिकपणे पडला. आत शोधून पाहिलं तर एका कोपऱ्यात वहिनींचा आवाज होता, एका कोपऱ्यात दादाचा, आणि मधली जागा झाडून ठेवल्यासारखी मोकळी होती. "मला काय वाटायचंय," तो म्हणाला. बायको ताट उचलता उचलता म्हणाली, "तेच म्हणते मी. कधीतरी वाटू द्या की काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर काठी वाजली. आधी त्याला वाटलं वरच्यासारखीच जमिनीवर आपटतोय, मग आवाज एकेक पायरी खाली येऊ लागला. लेथवाल्याची मशीन थांबली. दादा दारात आला तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. इतक्या दिवसांत उन्हाचं तोंड न पाहिल्यामुळे चेहरा पांढरट झाला होता, सदरा अंगावर लोंबत होता, आणि मागे वहिनी, हात पुढे केलेल्या पण न टेकलेल्या. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. काय केलंत, असं त्या डोळ्यांत होतं की काय करणार आहात, हे त्याला उमगलं नाही. "काल दुपारपासून आवाज नाही," दादा म्हणाला. "म्हटलं, मेला की काय हा. बघू दे." दोरी सोडलेली होती, खिळे रिकामे होते, सळई लेथवाल्याकडे परत गेली होती. फ्रेम टेबलावर दोन्ही चाकं लावून उभी होती, नुसती, टाकीशिवाय, सीटशिवाय. दादा तिच्यासमोर थांबला. हाताने पाठीचा नळा चाचपला, सांध्यांवरून बोट फिरवलं, "बरा घातलायस," असं पुटपुटला. मग मागे सरकला, काठीवर भार टाकला, एक डोळा मिटला. धाकटा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आता. आता म्हणेल आणि सुटू आपण. आता तो सगळं सांगेल, वाकडी कुठे, किती, आणि मुद्दाम की चुकून, तेसुद्धा.

"सरळ आहे," दादा म्हणाला. "कर पक्की. रंगाला लाव."

पहिल्यांदा धाकट्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग तो आपणहून दादाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तिथून पाहिलं, एक डोळा मिटून; आणि गाडी खरंच सरळ दिसली. कालपासून तो जी कलती बघत होता ती गाडी तिथे नव्हतीच. चाकामागे चाक, मानेखाली फोर्क, सगळं रेघेत. बोट आणि काडी कुठे गेली? आपण काल दोरीच चुकीची बांधली का? लेथवाल्याची सळईच वाकडी होती का? सुरकुत्या, तो रंग, हे सगळं आपल्याच डोक्यात शिजलं का? दादा सरळ म्हणाला म्हणजे सरळ. हा त्याचा आयुष्यभराचा रस्ता होता आणि त्या रस्त्याने तो आताही निवांत चालू लागला असता. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. शब्द तोंडात येऊन बसलाही होता. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि त्यांची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. त्याला एकाएकी दादा दिसला. म्हणजे दादाचा मिटलेला डोळा नव्हे, उघडा डोळा. तो फ्रेमवर नव्हताच. तो फ्रेमच्या पलीकडे, दाराबाहेरच्या रस्त्यावर, जिथे वळण सुरू होतं तिथे लागला होता.

"नाही दादा," कोणीतरी म्हणालं. "वाकडी आहे."

आवाज त्याचाच होता. दादाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीच्या माणसाने वेगळ्याच नावाने हाक मारावी तसं. "काय म्हणालास?" "मान फिरलीय. अपघातात फिरली. मी न तपासता तिच्यावर बांधत गेलो. मुद्दाम केलं का, ते मला ठाऊक नाही." शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. ते बाहेर पडल्यावर त्याला हलकं वाटलं नाही. "दाखव," दादा म्हणाला. त्याने दोरी बांधली. दादा काठीला धरून कष्टाने वाकला, उजवीकडे बोट घातलं, काढलं. डावीकडे काडी घातली. ती अडकली. त्याने ती पुन्हा घालून पाहिली आणि मग बराच वेळ तसाच वाकून राहिला, इतका, की वहिनी पुढे झाल्या. दादा उभा राहिला. "मला दिसलं होतं," तो म्हणाला. "तू बोलतोस का ते बघत होतो."

धाकट्याने त्याच्या चेहऱ्यात शोधलं. खरं असेल? दादाच तो, परीक्षा घेण्याची त्याला खोड होतीच. की डोक्याला बसलेल्या त्या ठोकरीने डोळ्यातली जादू गेली होती आणि हा माणूस ती झाकत होता? की डोळा शाबूत होता, पण वळणापर्यंत जायचंच होतं, सरळ असो की वाकडी? दादाचा ओठ जरासा हलत होता. काडी अजून त्याच्या बोटांत होती आणि ती तो सारखी फिरवत होता. यातलं खरं कोणतं हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि विचारायची छातीही होणार नाही, एवढं मात्र धाकट्याला स्पष्ट दिसलं. "मग काप," दादा म्हणाला. "बघत काय बसलास? मी धरतो."

पुढचं चाक फोर्कासकट उतरवून धाकट्याने भिंतीला टेकवलं आणि मान दादाने धरली. धाकट्याने ग्राइंडर लावला, आणि ठिणग्या दादाच्या चपलांवर, ताठ पडलेल्या पायावर, सदऱ्यावर उडाल्या; तो हलला नाही. पाती आत गेली तसा आवाज जाड झाला, मग पातळ, आणि मान सुटून दादाच्या हातात आली. तापलेली होती. त्याने ती टाकली नाही, या हातातून त्या हातात घेत राहिला. टेबलावर उरली ती पुढून उघडी, मान नसलेली फ्रेम. वहिनींनी मोठा सुस्कारा सोडला. "झालं मग," त्या हळू म्हणाल्या, पण त्यांचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना ऐकू आला. "आता वर चला." दादाने मान टेबलाच्या कडेला ठेवली. "थांब जरा."

त्याने पायाने एक रिकामा डबा ओढला, उलटा घातला. "बस," तो धाकट्याला म्हणाला. "मी? कशाला?" "बस म्हणतो ना." धाकटा बसला. दादाने कोपऱ्यातली एक बारीक नळी घेऊन त्याच्या हातात आडवी दिली, हँडल धरावं तशी. "धर. हात आपोआप जातील तिथे धर." धाकट्याचे हात कुठे जायचे ते ठरवीनात. तो म्हणाला, "दादा, तुझं माप आहे माझ्याकडे." "माझं राहू दे." खिशातून खडूचा तुकडा काढून दादा त्याच्या बाजूला आला, त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत काठी धरून बघू लागला. इतक्या जवळून त्याच्या श्वासाची धाप ऐकू येत होती. "अरे," तो म्हणाला, "हात किती लांब आहेत तुझे. माझ्या गाड्यांवर तू कुबड काढून बसायचास, मला वाटायचं बसायची तऱ्हाच तशी तुझी. बोलला नाहीस कधी." वहिनी जिन्याकडे वळल्या होत्या त्या पायरीवरच खाली बसल्या. दादाने तिकडे पाहिलं नाही. जमिनीवर खडूने एक रेघ मारली, ती त्याला पटली नाही, पायाने पुसली. "मागची सीट रुंद ठेव," तो जमिनीकडे बघतच म्हणाला. "माझा पाय दुमडत नाही. आणि वळणावर हळू घेत जा, तुझं काही खरं नाही." धाकट्याचे डोळे भरून आले, दोन्ही हातांत नळी होती, त्यामुळे ते पुसता येईनात.

"सरळ बस," दादा म्हणाला.

"बसलोय की."

"नाही बसलास."

त्याने पाठ ताठ केली, मग वाटलं फार ताठ झाली, म्हणून सैल सोडली, खांदे मागे नेले, पुन्हा पुढे आणले. नेमकं कुठे थांबायचं ते त्याला कळेना, आणि दादा खडू हातात घेऊन थांबला होता.